पाय आपटायचा नाही, ठेवायचा (वारीत चालता चालता कळलेलं)

ओलीवाट

आळंदी ते पंढरपूर तीनदा चालून झालं. परत आल्यावर सगळे विचारतात, पाय सुजले का, पाऊस लागला का, दर्शन झालं का. मला जे सांगायचंय ते यातल्या कुठल्याच प्रश्नाच्या उत्तरात बसत नाही, म्हणून हा धागा काढते आहे.

मी शाळेत मुख्याध्यापिका आहे. आवाज चढवल्याशिवाय कामं होत नाहीत अशी माझी कित्येक वर्षांची समजूत होती. घरातही तेच. चालही तशीच, टाचा वाजवत. मी व्हरांड्यातून निघाले की वर्ग आपोआप गप्प व्हायचे आणि मला त्यात समाधान वाटायचं.

पहिल्या वारीत पुण्याहून सासवडचा टप्पा होता. वाटेतला सगळ्यात मोठा, तीस किलोमीटरच्या वर. हडपसरच्या विसाव्यापर्यंत कडक ऊन. वडकीला पोचेपर्यंत ढग उतरले, आणि दिवे घाटाला लागलो तोवर वारा आणि पाऊस दोन्ही एकदम आले. खाली मस्तानी तलाव क्षणात दिसायचा, क्षणात धुक्यात जायचा. रथाला जादा बैलजोड्या लावल्या होत्या, त्यांच्यासाठी वाट सोडायची म्हणून आमची दिंडी कडेला सरकली. कडेला सगळा चिखल. डोक्यावर घेतलेला प्लॅस्टिकचा कागद वाऱ्यानं फडफडून तोंडावर येत होता, चष्म्यावर पाणी. मी नेहमीसारखी दणादण पाय टाकत होते आणि दर चार पावलांना घसरत होते. दोनदा पडले. दुसऱ्यांदा पडले ती एका आजींच्या अंगावरच.

आजी परभणीकडच्या. सत्तरीच्या पुढे असतील. चपला पिशवीत, पाय अनवाणी, लुगड्याचा काठ वर खोचलेला. मी त्यांच्या पायावर पाय दिला होता आणि तरी आधी त्यांनीच वाकून माझ्या पायाला हात लावला. "लागलं का माउली?" मला बोलताच येईना. मग म्हणाल्या, "पाय आपटू नको माय, ठिव. जमीन कुठं पळून चालली का?"

पुढचा घाट मी त्यांच्या मागून चढले. त्यांची टाच बघत. पाऊल आखूड. आधी अंगठा आणि चवडा चिखलात बसायचा, जमीन धरते की नाही ते बघायचा, मगच अंगाचा भार यायचा. घाई कुठेच नाही आणि थांबणंही नाही. सासवडच्या तळावर पोचेपर्यंत मी एकदाही घसरले नाही.

एवढंच घडलं. पण ती टाच डोळ्यांपुढून जात नाही. जोर लावला की तोल राहतो असं मी समजत होते. तोल राहतो तो पाऊल हळू ठेवल्यानं. शाळेत कुणाला काही बोलायच्या आधी आता क्षणभर तो चवडा आठवतो. दर वेळी जमतं असं नाही.

तुम्हाला लांब चालताना, बदलत्या हवेत, असं काही उमगलंय का? वारीच हवी असं नाही.

माळकरी

ताई, वाचून अंगावर काटा आला. तुमच्या आजींनी जे सांगितलं ते माउलींनी 1290 मध्ये सांगून ठेवलंय. ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात अहिंसेचं वर्णन आहे, ते सुरू होतं आणि बघता बघता चालण्यावर येतं. अहिंसक माणूस कसा चालतो? पाण्यातला बगळा लाट न मोडता पाऊल टाकतो तसा. कमळावर बसणारा भुंगा केसर चुरगळेल या शंकेनं हळुवार पाय ठेवतो तसा. जमिनीत बारीक जीव आहेत हे जाणून आपली पावलं करुणेत लपवून तो चालतो.

आमच्या आजोबांच्या तोंडून हे लहानपणापासून ऐकलं. मला वाटायचं, कवीची उपमा आहे, सुंदर आहे. बगळ्याकडे मी एकदा नीरेच्या पात्रात अर्धा तास बघत बसलो तेव्हा कळलं की ते डोळ्यानं पाहून लिहिलेलं आहे. तो पाय उचलतो तेव्हा बोटं मिटतो आणि पाण्यात जाताना उघडतो. तरंग उठतच नाही म्हटलं तरी चालेल. आणि तोही तोल सांभाळूनच उभा असतो, एका पायावर, वाहत्या पाण्यात.

पायपोटरी

मी फिजिओथेरपिस्ट आहे, सांगलीची. ओलीवाटताईंच्या आजी जे करत होत्या ते मी रोज पेशंटना शिकवते, पण इतक्या कमी शब्दांत मला नाही सांगता येत.

शरीराचा तोल तीन ठिकाणच्या खबरीवर चालतो. कानाच्या आतला भाग, डोळे, आणि तळपाय-घोटे-गुडघ्यांतून मेंदूकडे जाणारी खबर. घाटात तुमच्या चष्म्यावर पाणी, डोक्यावर कागद, म्हणजे डोळे जवळजवळ बाद. मग सगळी भिस्त तळपायावर. टाच जोरात आपटली की निसरड्यावर ती पुढे पळते, कारण अंगाचा भार अजून मागेच असतो. पाऊल आखूड ठेवलं, तळवा सपाट टेकवला की भार पायाच्या वरच राहतो. डोक्यावर तुळस घेऊन चालणाऱ्या बायका बघा. मान स्थिर, कंबर मोकळी, पाऊल लहान. तासन् तास.

आणखी एक. पहिली सर पडते तेव्हा डांबरी रस्ता सगळ्यात निसरडा असतो. रस्त्यावरचं तेल आणि धूळ पाण्याबरोबर वर येतं. धो धो पाऊस अर्धा तास झाला की उलट बरं. त्यामुळे भुरभुर सुरू झाली की लगेच पाऊल आखूड करा, चिखलाची वाट बघू नका.

अनवाणी चालण्याबद्दल मात्र कळकळीनं सांगते: मधुमेह असेल तर अजिबात नाही. तळपायाची जाणीव कमी झालेली असते, काच घुसली तरी कळत नाही. आजींचा पाय आयुष्यभर शेतात चाललेला होता.

बांधावरचा

मी बार्शीकडचा. 2023 सालच्या वारीत होतो. त्या वर्षी प्रस्थान 11 जूनला झालं, मृग लागून तीनचार दिवस झालेले, आणि आभाळात ढगाचं नाव नाही. ओलीवाटताई पावसात घसरल्या, आम्ही त्या वर्षी धुळीतून चाललो. लोणंद ओलांडलं की तसाही पावसाचा प्रदेश मागं राहतो. सह्याद्रीनं अडवून घेतलेला पाऊस फलटण-माळशिरसपर्यंत यायला दमतो. पण त्या वर्षी पुण्यातही कोरडं होतं.

दिंडीत निम्मे शेतकरी. रान नांगरून, कुळवून, बी घरात ठेवून आलेले. अभंग चालू असायचा आणि दर वळणाला सगळ्यांच्या माना एकदम वर जायच्या. रात्री तळावर गावाकडं फोन, "पडला का?" "नाय." एवढंच बोलणं. माझ्या पोटात सतत गोळा. बियाण्याचे पैसे उसने होते. चालताना चिडायचो, पोरांवर ओरडायचो, एकदा मृदंगाच्या ठेक्याला सोडून पुढं निघून गेलो तर विणेकरी म्हातारा काही न बोलता माझ्याजवळ येऊन चालायला लागला. दोन मैल. बोलला एक अक्षर नाही. त्याच्या चालीला माझी चाल आपोआप लागली.

तेव्हा मला आईची चाड्यावरची मूठ आठवली. वडील तिफण हाकायचे, आई मागं चाड्यावर, म्हणजे पेरायचं बी ज्यात सोडतात त्या लाकडी वाटीवर. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो: बी मुठीतून सोडायचं असतं, सारखं. मूठ आवळली तर बी अडकतं, तास म्हणजे पेरणीची ओळ मोकळी जाते. सैल सोडली तर एकाच जागी गठ्ठा पडतो, बाकी रान उघडं. ढेकूळ आलं, तिफण उडाली, पावसाचा शिंतोडा आला, तरी मुठीचा दाब बदलायचा नाही. आई म्हणायची, मूठ रागात धरली की पीक रागानं उगवतं. हे शास्त्रात बसत नसेल, पण तिची तासं एकसारखी उगवायची, सगळं गाव बघायचं.

मी काळजी आवळून धरली होती. विणेकऱ्यानं ती मूठ सैल केली. पाऊस एकादशीच्या चारपाच दिवस आधी कुठं सुरू झाला. आमची पेरणी जुलैत झाली.

ओलीवाट

@बांधावरचा, चाड्यावरची मूठ. हे मी कधी विसरणार नाही.

सरळ_बोलतो

सगळं छान आहे, पण थोडं दुसऱ्या बाजूनंही बोलायला हवं. मीही चारदा चाललोय. वारीत चालला की माणूस मऊ होतो हे खरं नाही. पाण्याच्या टँकरपाशी जाऊन बघा. कळशा, बाटल्या, ढकलाढकली. दुपारच्या उन्हात सावलीच्या एका झाडासाठी भांडणं होतात. रथाजवळची रेटारेटी तर म्हाताऱ्या माणसांना धोक्याची असते. पावसात भिजलेले कागद लोक तिथंच टाकून पुढं जातात, मागं गावकऱ्यांच्या शेतात तो कचरा राहतो. चालणं माणसाला थकवतं, आणि थकलेला माणूस आधी चिडका होतो. हळुवारपणा आपोआप येतो असं सांगून नव्या लोकांना फसवू नये.

ओलीवाट

@सरळ_बोलतो, तुम्ही बोललात ते बरं झालं. आपोआप येत नाही हे मला माझ्याच अनुभवातून माहीत आहे.

दुसऱ्या वारीत बरडला दुपारी दोन वाजता टँकर आला. फलटणहून निघाल्यापासून सावली नव्हती, बाटली केव्हाच संपलेली. मी रांगेत होते. एक पंचविशीची मुलगी मधून शिरली आणि तिनं चार बाटल्या नळाखाली धरल्या. मी तिचा हात धरून बाजूला केला, आणि जे बोलले ते इथे लिहिणार नाही. शाळेतला आवाज होता तो. ती काही म्हणाली नाही. भरलेली एक बाटली माझ्या हातात दिली आणि उरलेल्या तीन घेऊन मागे गेली. तिथं झाडाच्या बुंध्याला टेकून तिच्या दिंडीतल्या तीन म्हाताऱ्या बसल्या होत्या. एकीला उलट्या होत होत्या.

मी पाणी न पिता कितीतरी वेळ उभी होते. नंतर तिला शोधलं. माफी मागायला गेले तर ती माझ्या पाया पडली आणि मी तिच्या. तिथं तशीच रीत आहे, पण त्या दिवशी ती रीत नसती तर मला काय करावं ते कळलंच नसतं.

त्या दिवसानंतर मी एक केलं. बाटलीत शेवटचे दोन घोट शिल्लक ठेवायचे. अगदी संपवायचं नाही. तहानेनं जीव कासावीस झाला की माझी जीभ सुटते, हे मला कळलं. त्यामुळे आधी अंगाची काळजी, मग बाकी. पाऊस यायच्या आधी कागद काढायचा, भूक लागायच्या आधी चार शेंगदाणे तोंडात टाकायचे. हे साधं वाटेल. माझ्यासाठी साधं नव्हतं.

आणि तक्रारीचं म्हणाल तर तिचीही वारीत एक रीत आहे, ती मला फार मोलाची वाटते. संध्याकाळी तळावर समाजआरतीला सगळ्या दिंड्या गोल उभ्या राहतात. टाळांचा नुसता कल्लोळ. सोहळ्याची शिस्त सांभाळणारे चोपदार हातातला दंड वर करतात आणि पुकारा करतात. एका क्षणात हजारो टाळ बंद. ज्या दिंडीची काही तक्रार असेल तेवढी एकच दिंडी टाळ वाजवत राहते. चोपदार तिच्याकडे जातात, ऐकून घेतात, मग ती दिंडीही थांबते. इतक्या माणसांत कुणाला ओरडावं लागत नाही. मी शाळेत शिक्षकांच्या बैठकीत हे सांगितलं. आता बैठकीत कुणाला काही खुपलं असेल तर आधी त्याचं ऐकायचं, बाकी विषय नंतर, असं ठरवलंय.

सरळ_बोलतो

पटलं. शेवटच्या दोन घोटांचं तर फारच. कचऱ्याचं मात्र अजून म्हणतो, आपला कागद आपण घडी करून परत न्यावा. मी नेतो.

रेवाकाठ

मी नर्मदा परिक्रमा केली आहे, पायी. तिथला एक नियम इथे सांगावासा वाटतो. नदी कायम उजव्या हाताला ठेवायची, पात्र ओलांडायचं नाही, हे बऱ्याच जणांना माहीत असतं. पण चातुर्मासात चालायचंच नाही, हे कमी लोकांना माहीत असतं. पावसाळा आला की परिक्रमावासी एका जागी थांबतात. देवळात, आश्रमात, कुणाच्या ओसरीवर. चार महिने.

मी ज्या गावात थांबलो तिथं पहिले पंधरा दिवस माझी नुसती तडफड झाली. पायांना चालायची सवय, रोज पहाटे चारला जाग यायची आणि जायचं कुठंच नाही. समोर नदी गढूळ, फुगलेली, झाडं वाहून नेणारी. मग गावातल्या एका कोळ्याबरोबर जाळी दुरुस्त करायला बसू लागलो. तो ओल्या सुताला हात इतका हलका लावायचा की गाठ आपणहून सुटते आहे असं वाटायचं. मी ओढायला गेलो की ती घट्ट बसायची.

परिक्रमेत मी सगळ्यात जास्त शिकलो ते त्या चार महिन्यांत, न चालता. हवा बदलली की आपण बदलायचं. कधी पाऊल आखूड करून, तर कधी बसून राहून.

लेक_नगरची

हे वाचून 2020 आठवलं. त्या वर्षी पायी वारी झाली नाही, पादुका एसटीनं पंढरपूरला गेल्या. आईची त्याआधी सलग एकोणीस वर्षं वारी झालेली. आम्हाला वाटलं, ती खचेल. तिनं काय केलं, प्रस्थानाच्या दिवसापासून गच्चीत फेऱ्या सुरू केल्या. सकाळ-संध्याकाळ. पाऊस आला तर छत्री घेऊन. आज लोणंद, आज तरडगाव असं म्हणत. तरडगावच्या दिवशी, चांदोबाच्या लिंबाला उभं रिंगण होतं ना, वारकऱ्यांच्या रांगांमधून घोडा धावतो ते, तर तिनं शेजारच्या लहान मुलाला घोडा करून गच्चीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पळवलं आणि त्याच्या पायाची धूळ कपाळाला लावली.

गच्चीवर शेवाळ होतं. मी ओरडत होते, पडशील. ती म्हणाली, "मला ठाऊक आहे कुठं शेवाळ आहे. मी त्याला त्रास देत नाही, ते मला देत नाही."

पहिलीवारी

नमस्कार. सगळं वाचलं. मी एकतीस वर्षांचा, पुण्यात नोकरी. यंदा पहिल्यांदा चालणार, वडिलांबरोबर. अण्णा सदुसष्ट वर्षांचे आहेत, त्यांचीही पहिलीच. मी भरभर चालतो. घरातून भाजी आणायला निघालो तरी अण्णा पन्नास पावलं मागे राहतात, मग मी थांबतो, आणि थांबलो की चेहऱ्यावर कंटाळा दिसतो असं बायको म्हणते. अण्णांना ते कळतं, ते काही बोलत नाहीत. अडीचशे किलोमीटर कसं जमवायचं?

पायपोटरी

आतापासून रोज दोघांनी मिळून चाला, त्यांच्या वेगानं. जिना उतरताना सावकाश, कठडा धरून, हा त्यांना चांगला व्यायाम आहे. उतारावर मांडीच्या पुढच्या स्नायूंवर ताण येतो, तयारी नसेल तर तिसऱ्या दिवशी बसता येत नाही. दात घासताना एका पायावर उभं राहायचं, शेजारी भिंत असू दे. मोजे तीन जोड न्या, ओला मोजा लगेच बदला. पाय कोरडे करून बोटांच्या बेचक्यांत खोबरेल तेल. त्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्या तुमच्या खिशात नकोत, त्यांच्याच खिशात असू द्या.

बांधावरचा

दिंडीत टाळाच्या ठेक्यावर पाऊल टाक, मित्रा. ठेका सगळ्यांना एकच असतो, तुला आणि अण्णांनाही. आणि त्यांच्या पुढं चालू नको. मागं चाल.

पहिलीवारी

फलटणच्या तळावरून लिहितो आहे. फोन एका दुकानात चार्जिंगला लावला होता, आत्ता मिळाला.

सासवडपर्यंत पाऊस, जेजुरीला भंडारा आणि चिखल एकत्र होऊन कपडे असे पिवळे झालेत की धुऊनही जाईनात. नीरेपासून ऊन.

बांधावरचा दादांनी सांगितल्याप्रमाणे पहिल्या दिवसापासून अण्णांच्या मागं चाललो. मला त्यांची चाल माहीतच नव्हती हे आधी कळलं. त्यांचा डावा पाय किंचित बाहेर पडतो. लहानपणी विहिरीत पडले होते, तेव्हाचं आहे म्हणाले. मी एकतीस वर्षांचा झालो आणि हे मला परवा कळलं.

दिवे घाटात भुरभुर सुरू झाली तेव्हा मी "पाऊल आखूड" म्हणायच्या आत त्यांनी केलेलंच होतं. माझाच पाय सरकला. त्यांनी मागं न बघता हात मागे केला. मी धरला. वरपर्यंत सोडला नाही, त्यांनीही आणि मीही. काल तरडगावला रिंगणात गर्दी आली तेव्हा त्यांनी पुन्हा तसाच हात मागे केला.

एका पायाला फोड आलाय, माझ्या. अण्णा रोज रात्री तेल लावतात. मी नको म्हटलं की ऐकत नाहीत.

ओलीवाटताई, उद्या बरड. टँकर गावाच्या अलीकडे थांबतो की पलीकडे? अण्णांची बाटली आणि शेजारच्या दोन आजींच्या मिळून मी भरून आणेन म्हणतो.

ओलीवाट

मी गेले तेव्हा गावाच्या अलीकडे, डाव्या हाताला होता. पण यंदा कुठं असेल कोण जाणे, विचारत जा. तुझी बाटली विसरू नकोस. आणि दोन घोट ठेव.